नव्या शहरात बाहेर जेवायचं कसं: जुनी हॉटेलं, नवी हॉटेलं आणि मळलेलं मेन्यूकार्ड

नव्या शहरात बिऱ्हाड लागलं तरी पहिले दोन-तीन महिने निम्मी जेवणं बाहेरच होतात. शहर वाढतं असेल तर घरापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यावर दर पंधरा दिवसांनी एखादी नवी पाटी लागते, एखादी जुनी उतरते. कुठे शिरायचं हे कळत नाही. मग माणूस फोन काढतो, सगळ्यात जास्त तारे असलेलं ठिकाण निवडतो आणि तासाभराने पाकीट हलकं करून, पण तोंडाला चव न येता, बाहेर पडतो. मी तीन वेळा शहर बदललंय आणि तिन्ही वेळा सुरुवातीला हेच केलं.

आता माझं एकच म्हणणं आहे. हॉटेलची सजावट बघू नका, त्याच्या भटारखान्यातून रोज काय बाहेर पडतं ते बघा. जे खपतं ते ताजं असतं. जे दिवसातून शंभरदा केलं जातं ते आचाऱ्याच्या हाताला बसलेलं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन वाक्यांवरच उभ्या आहेत. (आपण मराठीत खायच्या जागेला हॉटेलच म्हणतो, तिथे राहायची सोय असो वा नसो. मीही तेच म्हणणार.)

पायरी 1: भूक नसताना एक फेरी मारा

भुकेल्या माणसाला कुठलंही हॉटेल बरं दिसतं. म्हणून घरून खाऊन निघा, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, ऐन जेवणाच्या वेळेला. शनिवारी रात्री सगळीच हॉटेलं भरलेली असतात, त्या गर्दीवरून काही कळत नाही. मंगळवारी कोण भरलेलं आहे ते बघा. एकटी माणसं येऊन जेवतायत का? एकटा माणूस गप्पांसाठी किंवा फोटोसाठी येत नाही, जेवायलाच येतो. परत जाणाऱ्या ताटल्यांत काय उरलंय, तेही काचेतून दिसतं. एकाच पदार्थाच्या तीन ताटल्या अर्ध्या परत गेलेल्या दिसल्या, तर तो पदार्थ कुठला ते लक्षात ठेवा.

आत टेबलं रिकामी आणि दाराशी पार्सलवाल्यांची रांग, असंही चित्र दिसतं. अशा ठिकाणी आत बसलात म्हणून लवकर मिळेल असं समजू नका. भटारखाना एकच असतो आणि तुमची ऑर्डर त्या वीस पार्सलांच्या मागे लागते.

काही शहरांत तपासणीचा शेरा दारावर लावावा लागतो. लॉस एंजेलिस परगण्यात 1998 पासून ए, बी, सी अशी अक्षरं लागतात, डेन्मार्कमध्ये हसऱ्या-रुसलेल्या चेहऱ्यांची चित्रं. तुमच्या शहरात असं काही असेल तर ते मेन्यूच्या आधी वाचा. नसेल तर हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन या. बेसिनपाशी साबण नसेल, तर आचारीही तेच बेसिन वापरतो का, हा प्रश्न मनात यायला हरकत नाही.

पायरी 2: तारे वाचा, पण उलट्या बाजूने

2017 साली लंडनमध्ये एका पत्रकाराने बागेतल्या आपल्या शेडला हॉटेलचं नाव दिलं, ‘द शेड ॲट डलिच’. जेवण नव्हतंच. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले आणि टेबल मागायला फोन आला की ‘सगळं भरलंय’ म्हणून सांगितलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते ट्रिपॲडव्हायजर या अभिप्रायांच्या वेबसाइटवर शहरातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट झालं. टेबल मिळत नाही, म्हणजे जागा भारीच असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

खोट्यामागे पैसा असतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या हॉटेलांवरच्या एका अभ्यासात येल्प या तशाच वेबसाइटवर एक तारा वाढला की स्वतंत्र हॉटेलांचं उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, असं दिसलं. साखळी हॉटेलांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही, कारण त्यांचं नावच पुरेसं असतं. बॉस्टनच्या अभ्यासात हॉटेलांवरचे सुमारे 16 टक्के अभिप्राय संशयास्पद म्हणून वेबसाइटनेच गाळलेले होते, आणि ज्यांच्याकडे अभिप्राय थोडे किंवा वाईट, त्यांनाच असली लबाडी करायचा मोह जास्त होतो असंही निघालं. नव्या हॉटेलाकडे अभिप्राय थोडेच असतात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी पाच तारेवाले वाचतच नाही. एक तारेवाले पुष्कळदा पार्किंगवरून चिडलेले असतात. तीन तारे देणारा माणूस कामाचा. तो ‘सूप छान होतं, पण मुख्य जेवण गार आलं’ असं लिहितो. असे गेल्या तीन महिन्यांतले दहा-बारा अभिप्राय वाचा आणि कुठल्या पदार्थाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते टिपा. फोटो गिऱ्हाइकांनी काढलेले बघा, हॉटेलने टाकलेले नव्हे. तिरक्या उजेडातल्या, अर्ध्या खाल्लेल्या ताटलीइतका खरा फोटो दुसरा नाही.

पायरी 3: पहिला महिना जुन्या हॉटेलांना द्या

दहातली नऊ हॉटेलं पहिल्याच वर्षी बंद पडतात, असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहराच्या नोंदी तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी साधारण 26 टक्के आणि तीन वर्षांत जवळपास 60 टक्के हॉटेलं बंद झाल्याचं किंवा हात बदलल्याचं दिसलं. नऊच्या मानाने कमी, पण चाळण बारीकच आहे. एखादं हॉटेल पंधरा वर्षं त्याच कोपऱ्यावर उभं असेल, तर त्या मोहल्ल्यातली माणसं तिथे पुन्हा पुन्हा येतात एवढं नक्की. नवख्या माणसाला याहून सोपी खूण मिळायची नाही.

जुन्या हॉटेलात गेल्यावर दारातच मिनिटभर उभे राहा. पैसे आधी द्यायचे की नंतर, टेबल कोणी दाखवतं की आपणच जागा धरायची, अनोळखी माणसाच्या समोर बसलं तर चालतं का, हे कुठे लिहिलेलं नसतं आणि रोजच्यांना सांगावं लागत नाही. मिनिटभर बघितलं की सगळं कळतं.

मग मेन्यूकार्ड हातात घ्या आणि वाचण्याआधी त्याचं कुठलं पान मळलंय ते बघा. मी एका जुन्या ठिकाणी पहिल्यांदा गेलो तेव्हा आठ पानी प्लास्टिकचं कार्ड समोर आलं. सहा पानं कोरी करकरीत होती. तिसऱ्या आणि चौथ्या पानाचे कोपरे मात्र बोटांच्या तेलाने काळपट झालेले, आणि त्यातल्या चार ओळींवर किमतीच्या चिठ्ठ्या एकावर एक इतक्यांदा चिकटवलेल्या की नखाला उंचवटा लागत होता. किंमत वारंवार कुठल्या पदार्थाची बदलावी लागते? जो सारखा विकला जातो त्याची. मी त्या चारांतला एक मागवला. वेटरने कागदावर लिहूनही घेतलं नाही, आत बघून नुसती दोन बोटं वर केली. माझ्या शेजारच्यानेही तेच मागवलं होतं.

वेटरला ‘काय चांगलं आहे?’ असं विचारू नका. ‘सगळंच चांगलं आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याला दुसरं काही म्हणताही येत नाही. ‘सगळ्यात जास्त काय जातं?’ असं विचारा. याला खरं उत्तर मिळतं. मला स्वतःला त्याहून आवडणारा प्रश्न म्हणजे, ‘दादा, तुमची माणसं काम संपल्यावर यातलं काय खातात?’ यावर बहुतेक जण आधी हसतात, मग नीट सांगतात.

जुन्यांचेही रोग असतात. नावावर तरून जाणं हा मोठा. मूळ जागा उत्तम आणि नवी शाखा सुमार, हे तर नेहमीचंच, कारण पाटी दुसरीकडे नेता येते, पंचवीस वर्षांचा आचारी एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. भिंतीवर जुन्या बातम्यांची कात्रणं भरपूर आणि टेबलावर रोजची माणसं कमी, असं दिसलं तर नुसता चहा पिऊन निघा.

पायरी 4: नव्याचे नऊ दिवस टाळा

म्हणीतले नऊ दिवस कौतुकाचे असतात. हॉटेलच्या धंद्यात ते खाणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट. एकदा आम्ही सहा जण एका नव्या हॉटेलात उघडल्याच्या चौथ्या दिवशी गेलो. उत्साहाने आठ वेगवेगळे पदार्थ मागवले. पहिला वीस मिनिटांत आला, शेवटचा सव्वा तासाने. तोवर चौघांचं जेवून झालं होतं आणि दोघं पावाचे तुकडे मोडत बसले होते. आतबाहेर करणाऱ्या दारातून मला शेगडीसमोर तीन जण एकमेकांच्या कोपरांना धक्के देत उभे दिसले. पलीकडे तळणीपाशी एक जण हात बांधून मोकळा.

दोष माणसांचा नव्हता. भटारखाना वेगवेगळ्या जागांत वाटलेला असतो: भाजायची जागा, तळायची, गार पदार्थांची, गोडाची. भाज्या चिरणं, वाटणं, रस्से ही तयारी आधी होते आणि ऑर्डर आल्यावर फक्त शेवटची पाच-दहा मिनिटं उरतात. कुठल्या जागेवर किती ताण येणार, हे गिऱ्हाईक काय मागवतं यावर ठरतं, आणि ते उघडल्यावरच कळतं. आमच्या आठांपैकी पाच पदार्थ त्याच एका शेगडीवरचे होते. पहिल्या महिन्यात मालकही हेच शिकत असतो, तुमच्या पैशाने. मोठ्या वृत्तपत्रांतले समीक्षकसुद्धा नव्या जागेला आधी काही आठवडे देतात आणि लिहिण्यापूर्वी एकाहून जास्त वेळा जेवतात, ते याचसाठी.

माझा हिशेब असा: उघडल्यापासून सहा आठवडे थांबायचं आणि तीन महिन्यांच्या आत जायचं. तोपर्यंत हातांची सवय झालेली असते आणि मालक अजून स्वतः दारात उभा असतो. त्याच्या पुढे तो दुसरी शाखा बघायला लागतो. या काळात मेन्यू आखूड झाला असेल तर खुशाल जा. न खपणारं काढून टाकायची अक्कल आहे, असा त्याचा अर्थ. मेन्यू दुप्पट झाला असेल तर मालक घाबरलाय.

अगदी पहिल्या आठवड्यातच जायचं असेल, तर दोघंच जा आणि तीनच पदार्थ मागवा. सहा जणांच्या वाढदिवसाला कधीच नाही.

पायरी 5: टेबल ठरवताना

फोन करून टेबल मागताना हॉटेल कधी बंद होतं ते विचारून उपयोग नाही. शेवटची ऑर्डर किती वाजता घेता ते विचारा, आणि त्याच्या निदान पाऊण तास आधी पोहोचा. शेवटच्या वीस मिनिटांत भटारखाना पुसायला घेतलेला असतो आणि नेमक्या तुमच्या पदार्थासाठी पुन्हा कढई तापवायची कोणाची इच्छा नसते.

बसायची जागा मागून घ्या. भटारखान्याचं दार, स्पीकर आणि स्वच्छतागृहाची वाट, या तिघांपासून लांब. नव्या हॉटेलांत हल्ली उघड्या विटा, काच, सिमेंटची फरशी असते. आवाज शोषायला काहीच नसतं. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, त्याला शास्त्रात लोंबार परिणाम म्हणतात. शेजारचं टेबल त्यावर आणखी चढवतं आणि नऊ वाजेपर्यंत सगळं हॉटेल ओरडत असतं. म्हातारी माणसं सोबत असतील तर कोपऱ्यातली, भिंतीला पाठ लागेल अशी जागा घ्या आणि लवकर जा.

पायरी 6: मागवताना

मेन्यूतले पदार्थ आणि हॉलमधल्या खुर्च्या, दोन्हींचा अंदाज घ्या. चाळीस खुर्च्या आणि दीडशे पदार्थ, हे गणित ताज्या मालावर बसत नाही. दीडशेपैकी शंभर एकाच दोन-तीन रश्श्यांचे अवतार असतात, नाहीतर फ्रीझरमधून येतात. फ्रीझर वाईट नाही, पण मग ताज्याची किंमत देऊ नका.

अशा ठिकाणी अडकलातच, तर ज्यासाठी पाटी लावलीय तेच खा. माशांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉटेलात मेन्यूच्या शेवटच्या पानावरचा नूडल्सचा पदार्थ हा ज्याला मासे आवडत नाहीत अशा एका पाहुण्यासाठी ठेवलेला असतो. महिन्यातून चारदा जात असेल.

पहिल्या खेपेला सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. एक-दोन पदार्थ मागवा, चव आणि वाढणीचा आकार बघा, मग पुढचं. शितावरून भाताची परीक्षा इथे अगदी शब्दशः होते. साधा भात किंवा पाव ज्याला नीट जमत नाही, त्याच्याकडून अवघड काही मागवू नये. मोठा गट असेल तर मात्र उलट करा: सगळं एकदम सांगा आणि प्रत्येकाचा वेगळा हट्ट न धरता तीन-चारच पदार्थ जास्त संख्येने मागवा. एका कढईत चार वाढण्या होतात, चार वेगळ्या पदार्थांना चार कढया लागतात.

बुफेचं शास्त्र वेगळं. 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानाला अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून गरम पदार्थ 60 च्या वर आणि गार पदार्थ 5 च्या खाली ठेवायचे असतात. शिजवलेलं अन्न नुसत्या खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्याकडे थर्मामीटर नसतो. झाकण उचला. वाफेचा लोट आला पाहिजे. कोमट भाताला तर हातही लावू नका: भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्याने तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बुफेला उघडल्या उघडल्या जा, तासाभराने गेलात तर जे भांडं आत्ताच बदललंय त्यातलं घ्या.

पायरी 7: काही चालत नसेल तर बसल्या बसल्या सांगा

दाणे, तीळ, दूध, अंडं, शिंपले, कशाचीही ॲलर्जी असेल तर पाणी यायच्या आधी सांगा. युरोपियन युनियनमध्ये 14 घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं हॉटेलांवर बंधनकारक आहे. अमेरिकेच्या यादीत 9 आहेत, त्यात तीळ 2023 पासून आले. पण यादीने भटारखान्यातलं तेल बदलत नाही. बटाट्यात कोळंबी नसते, तरी दोन्ही एकाच तेलात तळले जात असतील तर ॲलर्जीवाल्याच्या दृष्टीने फरक उरत नाही. तेव्हा ‘यात कोळंबी आहे का?’ एवढंच नको, ‘हे वेगळ्या तेलात तळता का?’ हेही विचारा. शाकाहारी माणसालाही हाच प्रश्न कामाचा.

आणि भिडेखातर ‘थोडं असलं तरी चालेल’ म्हणू नका. वेटर ते आत जाऊन ‘चालतं म्हणाले’ असं सांगतो. वेटरला खात्री नसेल तर त्याला आत विचारून यायला लावा. न विचारता ‘नाही नाही, काही नसतं त्यात’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पायरी 8: बिघडलं तर दोन घासांत बोला

आपली जात भिडस्त. पदार्थ खारट असला तरी आपण पाणी पीत पीत संपवतो, वेटरने विचारलं की ‘छान’ म्हणतो आणि घरी येऊन एक तारा देतो. यात कोणाचंच भलं होत नाही. दोन घास खाल्ल्यावर, ताटली भरलेली असताना, हळू आवाजात सांगा. काय बिघडलंय आणि तुम्हाला काय हवंय, दोन्ही एकाच वाक्यात: ‘हे आतून गार आहे, नीट गरम करून द्याल का?’ किंवा ‘हे फार खारट झालंय, याच्याऐवजी दुसरं द्या.’ नुसतं ‘हे बरोबर नाही’ म्हटलं की वेटर कोंडीत सापडतो, कारण काय करायचं ते त्याला कळत नाही.

आतून कच्चं राहिलेलं मांस तेवढं पुन्हा तव्यावर फिरवून घेऊ नका, नवं मागा. आणि तक्रार पदार्थाची करा, वाढणाऱ्याची नको. मीठ त्याने टाकलेलं नसतं.

तक्रारीनंतर काय होतं, तिथे हॉटेलची खरी ओळख पटते. एका नव्या हॉटेलात मी मासा आतून कच्चा आहे म्हटल्यावर मॅनेजर आला, काट्याने उघडून बघितला, ‘खरंय’ म्हणाला आणि ताटली घेऊन गेला. वाद नाही, लांबलचक माफी नाही. दहा मिनिटांत दुसरा मासा आला, बिलात त्याचे पैसे लावले नव्हते. तिथे मी पुन्हा गेलो.

बिल आलं की तीन ओळी वाचा: न मागवलेलं काही लागलंय का, कर किती, आणि सेवा शुल्क आधीच लावलंय का. लावलं असेल तर वर टीप द्यायची की नाही, हे त्या गावच्या रीतीवर. शेजारच्या टेबलाकडे एक नजर टाकली की कळतं. बाकी बिलाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

पायरी 9: दुसऱ्यांदा जा आणि लिहून ठेवा

एका भेटीवरून हॉटेल कळत नाही, कारण त्या दिवशी आत कोण उभं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. बरं वाटलेल्या ठिकाणी आठवड्याभरात वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी पुन्हा जा आणि निदान एक पदार्थ तोच मागवा. दोन्ही दिवस चव सारखी असेल तर ते ठिकाण तुमचं. वाढत्या शहरात अशी पाच-सहा ठिकाणं पुरतात: एक एकट्याने पटकन जेवायला, एक पाहुण्यांना न्यायला, एक उशिरा रात्रीचं, एक पोट बिघडल्यावर साधं खायचं. उरलेली चुका करायला.

मी खिशात एक छोटी वही ठेवतो. त्यातल्या एका हॉटेलच्या पानावरच्या नोंदी जशाच्या तशा:

‘मंगळवार, साडेसात. दारापाशी बसू नये, वारा. सूप उत्तम. भात गार. चष्मेवाल्या काकांना विचारावं, खरं सांगतात.’

‘शुक्रवार, नऊ. सूप तेच, उत्तम. भात पुन्हा गार. सांगितलं.’

‘बुधवार, आठ. भात गरम. काका म्हणाले, तुम्ही सांगितल्यापासून भांड्यावर झाकण ठेवतो.’